टाटा इन्स्टिट्यूटच्या आवारातील मराठी पाऊलखुणा

बंगळुरात यशवंतपूरच्या दिशेने जाणाऱ्या बसमधील वाहकाकडे 'भारतीय विज्ञान संस्थेचे' तिकीट मागितले, तर तो क्षणभर विचारात पडतो. 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हटले की तत्काळ तिकीट हाती देतो. ज्या पुरुषाने आपल्या संपत्तीचा निम्मा वाटा या संस्थेसाठी काढून ठेवला, त्याने तिला आपले नाव देण्यास निक्षून नकार दिला होता. सरकारदरबारी ती इच्छा पाळली गेली. जनतेने मात्र ती मानली नाही, आणि आज शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी रिक्षावाला, भाजीवाली, पोस्टमन यांच्या तोंडी जमशेटजींचेच नाव आहे.

या संस्थेची दारे वर्षातून एक दिवस, बहुधा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, सर्वांसाठी उघडी असतात. त्या दिवशी प्रयोगशाळांतून विद्यार्थी आपापली उपकरणे मांडून उभे राहतात आणि गावोगावची शाळकरी मुले झुंडीने लोटतात. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दहावी ते बारावीच्या मुलामुलींना एकत्र नेऊन हे आवार पायी हिंडून दाखवावे, असे कार्यकारिणीने ठरविले आणि वाटेत त्यांना चार ऐतिहासिक गोष्टी सांगण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी नव्हे, कला शाखेचे. परंतु इतिहास वाचण्याची खोड जुनी. त्या फेरीत जे सांगितले व जे सांगावयाचे राहून गेले, ते सारे येथे एकत्र करीत आहोत.

मुलांच्या मनात एकच विचार होता, व तो रास्तही होता : येथे प्रवेश मिळेल काय? पूर्वी ही संस्था केवळ पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांसाठी होती. २०११ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून बारावीनंतरच्या मुलांनाही हे दार खुले झाले आहे. दार आहे, पण अरुंद आहे. त्या दाराची गोष्टच आम्हांस मुख्यतः सांगावयाची होती.

प्रवेशद्वारातून आत शिरताच शहराचा कोलाहल मागे पडतो. रस्त्यांना वृक्षांची नावे आहेत. गुलमोहर मार्ग, नीलगिरी मार्ग, ताल मार्ग. दोहों बाजूंनी सावली इतकी दाट की, ही भूमी मुळात उघडा माळ होती, हे सांगून खरे वाटत नाही. संस्थेच्या आरंभकाळातील छायाचित्रांत मुख्य इमारत अशी दिसते, जणू कोणी वाळवंटात राजवाडा आणून ठेवला आहे. आजचे हे वन माणसांनी लावलेले आहे, आणि लावणाऱ्यांपैकी पुष्कळांना त्याची सावली मिळाली नसणार.

ही भूमी म्हैसूर संस्थानची देणगी होय. त्या काळी महाराज चौथे कृष्णराज वोडेयर अल्पवयीन असल्यामुळे मातोश्री वाणीविलास सन्निधान महाराणी केंपनंजम्मण्णी या राज्यकारभार पाहत होत्या व सर शेषाद्री अय्यर हे दिवाण होते. सुमारे ३७१ एकर जमीन, इमारतींसाठी रोख साहाय्य आणि वार्षिक अनुदान, एवढे औदार्य त्या संस्थानाने दाखविले. जमीन म्हैसूरची, पैसा मात्र मुंबईचा. जमशेटजींनी मुंबईतील १४ इमारती व ४ भूखंड या कार्यासाठी दिले. त्यांचे मूल्य त्या काळी सुमारे ३० लाख रुपये धरले गेले व त्यांपासून वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास उत्पन्न अपेक्षित होते. म्हणजे मुंबईतील भाडेकरू जे भाडे भरीत, त्यावर बंगळुरातील प्रयोगशाळांचे दिवे पेटत. आमच्यातील एका गृहस्थांनी यावर, "तेव्हा मुंबईकरांनी भाडे वेळेवर भरले म्हणायचे!" असा शेरा मारला व मुलांपेक्षा पालकच अधिक हसले.

मुख्य इमारतीसमोर पोहोचलो तेव्हा दहा वाजत आले होते. करड्या ग्रॅनाइटची ती भारदस्त वास्तू व मधला उंच मनोरा पाहून एका मुलाने, "हे मुंबईत पाहिल्यासारखं वाटतं," असे म्हटले. मुलाची नजर चोख होती. या इमारतीचे वास्तुशिल्पी सी. एफ. स्टीव्हन्स हे मुंबईचे. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, ज्यांनी बांधले त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे ते चिरंजीव. सुटीत गावी जाऊन आलेल्या ज्या ज्या मुलाने त्या स्थानकात पाऊल ठेवले आहे, त्याने बापाचे काम पाहिले आहे. लेकाचे काम येथे उभे आहे.

समोर जमशेटजींचे स्मारक आहे. इंग्रज शिल्पकार गिल्बर्ट बेज यांची ही कृती १९२२ साली येथे उभी राहिली. त्याच्या पायथ्याशी बसवून मुलांना संस्थेची जन्मकथा सांगितली. १८९३ साली जमशेटजी व स्वामी विवेकानंद एकाच जहाजाने योकोहामाहून व्हँकूव्हरकडे निघाले होते. त्या प्रवासाचे स्मरण देऊन २३ नोव्हेंबर १८९८ रोजी जमशेटजींनी स्वामीजींना पत्र लिहिले व विज्ञानाच्या कार्यास त्यांचा पाठिंबा मागितला. त्याच वर्षाच्या अखेरीस नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मुंबईस उतरताच संस्थेची योजना त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. कर्झनसाहेबांच्या शंका दोन : एवढ्या उच्च शिक्षणासाठी विद्यार्थी येतील कोठून, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यांना चाकरी कोण देणार? पुढे ख्यातनाम रसायनशास्त्रज्ञ सर विल्यम रॅमसे यांनी देशात हिंडून बंगळूरची शिफारस केली. त्यांच्यामागून मॅसन व क्लिबॉर्न या दोघांची समिती नेमली गेली. अहवाल झाले, पत्रव्यवहार झाला, आक्षेप निघाले, त्यांवर खुलासे गेले. सरकारी कचेरीत आयुष्य घालविल्यामुळे फाइल कशी थांबते याचे आम्हांस नवल नाही. तरी दहा वर्षांहून अधिक काळ हा थोडाथोडका नव्हे. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले, तेव्हा येथे वीटदेखील रचली गेली नव्हती. सरकारी आदेश २७ मे १९०९ रोजी निघाला, १९११ साली महाराजांच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्याच वर्षी २४ जुलै रोजी पहिल्या २४ विद्यार्थ्यांची तुकडी दाखल झाली. विषय मोजकेच होते : रसायनशास्त्र आणि विद्युत्‌तंत्र. विद्यार्थी येतील कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्या चोविसांनी दिले.

त्या आरंभीच्या काळात येथे रसायनशास्त्र शिकून गेलेल्यांत नारायणराव व माधवराव भागवत हे दोघे बंधू होते. नारायणरावांना कन्या झाल्या, त्यांपैकी एकीस सारा महाराष्ट्र ओळखतो. त्या दुर्गाबाई भागवत. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या आणि त्यापायी कारावास पत्करलेल्या. त्यांच्या धाकट्या भगिनी कमला यांचा जन्म १९११ सालचा, म्हणजे या संस्थेत पहिले विद्यार्थी आले त्याच वर्षीचा. १९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. वडील आणि चुलते जेथे शिकले तेथेच आपण पुढे शिकावे, यापरते साहजिक काय असणार? त्यांनी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला.

त्या वेळी संचालकपदी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेले, आणि संस्थेच्या संचालकपदी आलेले ते पहिलेच भारतीय. परक्या सत्तेच्या काळात ज्या पुरुषाने भारतीय बुद्धीचे नाव जगात केले, त्याच पुरुषाने एका भारतीय मुलीला, तू स्त्री आहेस, एवढ्याच कारणास्तव दार बंद केले. कमलाबाई वडिलांसह बंगळुरास आल्या, रामन यांना समक्ष भेटल्या, आणि कोणत्या नियमाने आपणांस नाकारता, असे त्यांनी विचारले. नियम नव्हताच. प्रवेश मिळेपर्यंत हटणार नाही, असा गांधीजींच्या मार्गाचा सत्याग्रह त्यांनी धरला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटींवर. पहिले वर्ष केवळ उमेदवारीचे. कामाबद्दल संचालकांचे समाधान होईपर्यंत ते काम मान्य धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिसरी अट अशी की, त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये.

ही तिसरी अट सांगितली तेव्हा मुलींमध्ये कुजबूज झाली. त्यांपैकी एक, अकरावीतली, सरळ म्हणाली, "काका, म्हणजे बिघडवणारे दुसरे, आणि अट यांच्यावर?" आम्ही होय म्हणालो. तिच्या वडिलांनी तिला हळूच कोपराने डिवचले, पण ते उगाच. प्रश्न योग्यच होता. कमलाबाईंनीही उतारवयात जाहीरपणे याच आशयाचे बोलून दाखविले होते. रामन फार मोठे शास्त्रज्ञ खरे, पण केवळ स्त्री म्हणून त्यांनी दिलेली ती वागणूक आपण विसरू शकत नाही, हे सांगताना त्यांनी शब्द मऊ केले नाहीत.

अटी त्यांनी स्वीकारल्या. एम. श्रीनिवासय्या यांच्या कडक शिस्तीखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत काम केले. दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिने हा त्यांचा विषय. ज्या देशात गरिबाच्या ताटात डाळ हेच बळ, त्या देशात याहून निकडीचा विषय कोणता? वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले, आणि त्यानंतर या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. संस्था त्या काळी स्वतः पदवी देत नसे, म्हणून १९३६ साली मुंबई विद्यापीठाची एम. एस्सी. मिळवून कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी दाखवून दिले. १९३९ साली केंब्रिजची पीएच. डी. घेऊन त्या परतल्या. ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानात ही पदवी मिळविणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढे विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा या पेयाच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला. आदिवासी पाड्यांतील कुपोषित बालकांना व गर्भवती स्त्रियांना नीरेचा उपयोग होतो, असे त्या अभ्यासातून दिसून आले, आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार लाभला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

येथे एका गोष्टीची शहानिशा करणे इतिहास सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. कमलाबाई या संस्थेच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनी, असे सर्रास छापले जाते. परंतु संस्थेच्या जुन्या कागदपत्रांत १९२० नंतरच्या दशकातही एकदोन विद्यार्थिनींची नावे आढळली आहेत. म्हणजे पूर्वी किलकिले असलेले दार मध्यंतरी बंद झाले होते, आणि कमलाबाईंनी ते धक्का देऊन उघडले. आम्हांस वाटते, त्यामुळे त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. कधीच न उघडलेले दार उघडणे कठीण खरेच. पण एकदा उघडून पुन्हा लावून घेतलेले दार उघडणे, हे त्याहून कठीण असते.

उन्हे चढली होती. मुलांना इतिहासापेक्षा ताकाची गरज अधिक होती. ती भागवून आम्ही विमानविद्येच्या विभागाकडे वळलो. तेथे वाऱ्याचा बोगदा आहे. मोठाल्या पंख्यांनी त्यात वारा खेचतात आणि त्या झोतात विमानाची वा उंच इमारतीची प्रतिकृती ठेवून तिच्यावर पडणारा जोर मोजतात. त्याचे चाचणीचे दालन १४ फूट रुंद व ९ फूट उंच आहे. मुले त्याच्या तोंडाशी उभी राहिली की बाहुल्यांएवढी दिसतात.

विमाने आणि बंगळूर यांची सांगड घालणारा पुरुष सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टचा कारखाना काढला. त्या कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे आले. ते कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल या वायुगतिशास्त्राच्या आद्य आचार्यांच्या हाताखाली शिकलेले. १९४२ च्या डिसेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, या संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटग्यांकडे आली. शिकवावयाचे येथे आणि विमाने घडवावयाची कारखान्यात, अशी त्यांची दुहेरी सेवा. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ साली आकाशात गेले. भारतीयांनी आखून भारतात बांधलेल्या त्या विमानावर पुढे आपल्या वायुसेनेच्या कित्येक पिढ्यांनी पहिले धडे गिरविले. आपल्या मंडळातील किती घरे त्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावीत, हे जुन्या सभासदांना सांगावयास नको. जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर घाटग्यांचे नाव दिलेले सभागृह आहे. त्यात आपल्यापैकी अनेक जण लग्नाला वा सभेला गेले असतील. हे घाटगे कोण, असे विचारणारा मात्र आम्हांस क्वचितच भेटला.

तेथून पुढची वाट दाट झाडीची. आवाराच्या एका भागात १९८० नंतर सह्याद्रीच्या जंगलातील जातींची रोपे मुद्दाम लावून एक लहानसे अरण्य उभे केले आहे. त्यात पाऊल टाकले की चार-दोन अंशांनी तरी गारवा जाणवतो. आंबोलीच्या किंवा राधानगरीच्या वाटेने गावी गेलेल्यांना हा ओला, कुजक्या पानांचा वास ओळखीचा वाटेल. १९७३ साली पुण्याचे एक दांपत्य या संस्थेत दाखल झाले, डॉ. माधव गाडगीळ व डॉ. सुलोचना गाडगीळ. दोघेही हार्वर्डचे विद्यावाचस्पती, आणि दोघांनीही परदेशातील संधी बाजूस सारून मायदेशी परतणे पसंत केलेले. १९८३ साली येथे परिसरशास्त्राचे केंद्र सुरू झाले, ते माधवरावांच्या पुढाकाराने. पश्चिम घाटाविषयीच्या त्यांच्या समितीचा २०११ सालचा अहवाल कोकणापासून केरळपर्यंत किती गाजला व किती जणांना बोचला, हे वृत्तपत्रे वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच.

सुलोचनाबाईंचा विषय पाऊस. डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी १९८० साली उपग्रहांच्या चित्रांवरून दाखवून दिले की, पावसाळ्यात ढगांचा एक लांबच लांब पट्टा विषुववृत्ताकडील समुद्रावर तयार होऊन पुन्हा पुन्हा उत्तरेकडे, आपल्या भूमीवर सरकत असतो. मोसमी पाऊस म्हणजे निव्वळ जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरकाने वाहणारे वारे, ही शाळेत घोकलेली व्याख्या त्यामुळे अपुरी ठरली. तेवढ्यावर न थांबता, कोरडवाहू भुईमूग केव्हा पेरावा, याचा विचार त्यांनी अनंतपूरकडील शेतकऱ्यांशी बोलून केला. त्यांनी उभारणीत मोठा वाटा उचललेले वातावरणशास्त्राचे केंद्र याच आवारात आहे. कमलाबाईंना अटी घालण्यात आल्या त्याला तेव्हा अवघी चाळीस वर्षे झाली होती. मुलांना आम्ही हा हिशेब करावयास सांगितला, तो त्यांनी बोटांवर केला.

परतीची वेळ चारची ठरली होती. डोकी मोजली तेव्हा एक कमी भरले. दुपारी प्रश्न विचारणारी तीच अकरावीची मुलगी. वडील कासावीस झाले, भ्रमणध्वनी लागेना, तेव्हा आम्ही दोघे तिला शोधत मागे गेलो. जीवरसायनशास्त्राच्या दालनात ती सापडली. हा विभाग १९२१ सालापासूनचा, कमलाबाई ज्यात राबल्या तोच. टेबलामागे एक संशोधक विद्यार्थिनी काचेच्या नळीत काही हलवून दाखवीत होती, आणि आमची मुलगी कन्नड व इंग्रजी यांच्या मिश्रणातून तिला प्रश्नांवर प्रश्न विचारीत होती. वडील पुढे होऊन रागावणार, तोच ती आमच्याकडे वळून म्हणाली, "काका, पाचच मिनिटं. या म्हणतात, वातावरण बिघडलं तरी चालेल."

आम्ही बाहेर पायरीवर बसून राहिलो. बस साडेचारला सुटली.